मीटअप सोडताय? मग या चुका टाळा

कार्यक्रम जाहीर करून माणसं जमवण्याच्या मीटअप या साइटवर गट चालवायचा तर आयोजकाला वर्गणी भरावी लागते. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या ट्रेकच्या, सायकलच्या, वाचनाच्या गटांना सध्या ‘आपला सर्व्हर टाकू’ची हौस आली आहे. हौस चांगलीच, पण पडतात सगळे त्याच खड्ड्यांत.

सगळ्यात मोठा खड्डा ईमेलचा. मोबिलिझॉन हे आपल्या सर्व्हरवर टाकायचं, मीटअपसारखं मोफत सॉफ्टवेअर, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेने २०२० मध्ये आणलेलं. त्यावर खातं न उघडताही कार्यक्रमाला नाव देता येतं, फक्त मेलवर आलेली लिंक दाबून ते पक्कं करावं लागतं. चाळीसगावकडच्या एका गटाने पाटणादेवीची सहल ठेवली, नंतर भरीत पार्टी. स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), व्हिडिओ बघून एका रात्रीत इन्स्टॉल, आणि मेल थेट त्याच सर्व्हरवरून. मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, म्हणजे एसपीएफ नाही, डीकेआयएम नाही. मेल गेले स्पॅममध्ये. लोकांनी फॉर्म भरला आणि काम झालं समजून फोन खिशात टाकला. आयोजकांना पक्की नावं दिसली मोजकीच, त्या हिशोबाने बामणोदची वांगी आणली, आणि सकाळी माणसं आली दुप्पट. कळण्याच्या पुऱ्या कशाबशा पुरल्या, भरीत चमच्याने वाटावं लागलं. एक काका पत्रावळीकडे बघून म्हणाले, “काय भो, भरीत हाये का चटणी?”

बरेच व्हीपीएसवाले पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जाण्याची वाट, बंदच ठेवतात, तिथे तर मेल निघतही नाही. मेलसाठी वेगळी एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा घ्या. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, एसपीएफ, डीकेआयएम आणि त्यांच्याच जोडीच्या डीमार्कच्या नोंदी करा. नोंदणी उघडण्याआधी मी जीमेल, याहू आणि रेडिफमेलवरून स्वतःच नाव देऊन बघतो. रेडिफला हसू नका, आमच्या भुसावळच्या निवृत्त रेल्वेवाल्यांचे पत्ते अजून तिथेच आहेत.

तिकिटं विकायची असतील तर मोबिलिझॉनच्या वाटेला जाऊ नका, ते पैसे घेण्यासाठी नाहीच. तिथे प्रीटिक्स हे तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर लावा. पण त्याची ‘रनपिरिऑडिक’ ही कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यादीत) घालायची राहिली, की पैसे न भरलेल्या ऑर्डरी मुदत संपली तरी तशाच लटकतात, जागा अडून राहतात आणि हॉल अर्धा रिकामा असताना ‘तिकिटं संपली’ दिसतं. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मॅन्युअल वाचतो कोण!

साइटचा टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर साडेपाच तासांचा घोळ.

डोमेन आधी नीट ठरवा. मोबिलिझॉन इतर सर्व्हरांशी त्याच नावाने बोलतं, मध्येच नाव बदललं की जुने धागे तुटतात.

बॅकअप म्हणजे पीजी-डंप (डेटाबेसची प्रत) आणि अपलोड केलेल्या फोटोंचं फोल्डर, दोन्ही. तेही दुसऱ्या मशिनवर.

आणि महिन्याला एकच कार्यक्रम असेल तर सर्व्हर कशाला? दुसऱ्याने चालवलेल्या, नोंदणी खुली असलेल्या मोबिलिझॉन सर्व्हरवर आधी दोन-चार कार्यक्रम करून बघा. नुसतं गावातल्या कार्यक्रमांचं कॅलेंडर हवं असेल तर गान्सिओ हे छोटं सॉफ्टवेअर पुरतं. ते एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवरही चालतं.

नवीन साइट सुरू झाली म्हणून उत्साहात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र बंद करू नका. माणसं तिथेच आहेत. ग्रुपवर लिंक टाका, आणि ‘माझंही नाव लिहा’ म्हणणाऱ्याचं नाव वहीत न लिहिता त्याला तीच लिंक परत पाठवा, मग तो सख्खा मामा का असेना.