लॉटरी लागली तर किती वर्षं पुरेल? मजुरीवर जगणाऱ्याने करायचा हिशोब

मी एका कारखान्यात पगारपत्रकं करते. त्याआधी तिथेच पॅकिंगच्या लाइनवर उभी राहायचे, त्यामुळे आज ज्यांच्या नावापुढे आकडे लिहिते त्यांचं महिन्याचं गणित मला कागदाबाहेरही माहीत आहे. मोठी सोडत जवळ आली की जेवणाच्या सुट्टीत तोच विषय असतो. जॅकपॉटचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तेवढ्यात आपलं घर किती वर्षं चालेल, हे मात्र कोणी मांडून पाहत नाही. ते मांडता येतं, आणि मांडावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातून बक्षिसाइतकंच आपल्या मजुरीचंही खरं स्वरूप कळतं.

सुरुवातीलाच पैशांचा आकडा बाजूला ठेवा. वर्षांत मोजा. आपल्या घरचं एक वर्ष नीट चालवायला जे लागतं ते एक माप, आणि बक्षिसात अशी किती मापं बसतात एवढंच शोधायचं आहे.

हे माप काढतानाच बहुतेकांचं चुकतं. सगळे वर्षाचा पगार धरतात. कमी पगारावर जगणाऱ्याचा पगार म्हणजे त्याचा खर्च नव्हे. पगारात जेवढं बसलं तेवढं झालं, बाकीचं पुढे ढकललं. आमच्याकडे एक जण रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतात. डॉक्टरांनी रोज सांगितली आहे, पण महिन्याची पट्टी दोन महिने पुरवायची असते. त्यांच्या खर्चाच्या यादीत गोळ्यांचा आकडा आहे, तो निम्मा आहे. लाइनवरची एक बाई कित्येक महिने एकाच बाजूने चावते. दुसऱ्या बाजूची दाढ काढायला पैसे लागतील आणि एक खाडा होईल, म्हणून ते राहिलंय. हा खर्च कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही, पण तो आहे, आणि हातात पैसा आला की पहिल्या महिन्यात तोच समोर उभा राहतो.

म्हणून माप असं काढा. बारा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या समोर घ्या आणि हातात पडलेल्या रकमांची बेरीज करा. त्यात वर्षभरात घेतलेली उचल, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने, दुकानातली थकलेली उधारी मिळवा. ते पैसेही तुम्ही खर्चच केलेत, फक्त पगारातून नाही. मग ढकललेल्या गोष्टींची वेगळी यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा: एकदाच करायच्या (दाढ, चष्मा, गळकं छप्पर) आणि दरवर्षी लागणाऱ्या (पूर्ण औषध, मुलांची फी, धड चपला-बूट). दुसरा भाग वर्षाच्या खर्चात मिळवा. पहिला बाजूला ठेवा, तो पुढे लागेल.

उदाहरण म्हणून आकडे धरू. वर्षाची मजुरी १०० मानली आणि वरच्या रीतीने खरा खर्च १३० आला. हातात पडणारं बक्षीस २६०० आहे. मजुरीने भागलं तर २६ वर्षं, खर्चाने भागलं तर २०. मधली सहा वर्षं म्हणजे आज तुम्ही ज्याच्याशिवाय जगताय किंवा जे उधारीवर भागवताय ते. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कमी पगारात माणूस भागवतो, यावरून त्याला तेवढंच लागतं असं लोक धरून चालतात. मालक धरतात, आणि हळूहळू तो माणूस स्वतःही धरायला लागतो.

आता जाहीर झालेलं बक्षीस आणि हातात पडणारं बक्षीस यांतला फरक. काही देशांत लॉटरीच्या बक्षिसावर कर नाही, काही ठिकाणी थेट ३० टक्के कापून उरलेलं देतात. आपल्याकडचा नियम काय ते आधी बघा आणि कापलेलाच आकडा धरा. दुसरं, जाहिरातीतला आकडा एकरकमी असतो की हप्त्यांचा? अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचा जॅकपॉट २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळणाऱ्या रकमेची बेरीज असते, दर हप्ता आधीच्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा. एकरकमी मागितली तर रक्कम त्याहून बरीच कमी येते. एखाद्या लॉटरीत हप्ता वाढत नसेल तर जास्त सावध राहा: महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर २० वर्षांनंतरच्या त्याच हप्त्यात आजच्या एक तृतीयांशाहून कमी वस्तू येतील. आणि तिकीट चौघांनी मिळून काढलं असेल तर सोडतीच्या आधी चौघांची नावं, वाटे आणि तिकिटाचा क्रमांक कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. नंतर करायची ही गोष्ट नाही.

यानंतर कर्ज. इथे आकडे असं काही दाखवतात की दाखवल्यावर आमच्याकडचे लोक कागद पुन्हा मागून घेतात. समजा वरच्या घरावर ५० चं कर्ज आहे, शेकडा तीन महिना व्याजाने. म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ५० वर १८ चं व्याज. मुद्दल जागच्या जागी राहतं आणि वर्षाच्या १३० खर्चातले १८ नुसते व्याजात जातात. बक्षिसातून ५० कर्जाचे फेडले आणि ढकललेल्या एकदाच्या गोष्टींसाठी ५० काढले, तर उरले २५००. वर्षाचा खर्च मात्र १३० वरून ११२ वर आला. २५०० भागिले ११२ म्हणजे २२ वर्षं आणि थोडं वर. शंभर खर्च करून दोन वर्षं वाढली, दाढही निघाली, छप्परही शाकारून झालं. ३६ टक्के देणारी सुरक्षित गुंतवणूक जगात कुठेही नाही, त्यामुळे असं कर्ज अंगावर ठेवून पैसे कुठेतरी गुंतवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

फक्त कर्ज का झालं तेही बघा. फ्लोरिडात ५०,००० ते १,५०,००० डॉलर जिंकलेल्यांवर २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान बक्षीसवाल्यांच्या तुलनेत यांची दिवाळखोरी पहिली दोन वर्षं कमी झाली, आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तेवढीच वाढून बरोबरी झाली. दिवाळखोरी टळली नव्हती, लांबली होती. मला यात माणसांचा उधळेपणा दिसत नाही. दरमहा मजुरीपेक्षा खर्च जास्त असेल आणि पैसे संपतील त्याआधी ती तूट बुजली नाही, तर कर्ज पुन्हा होणारच. आणि लॉटरीवाले सगळे पाचसहा वर्षांत रस्त्यावर येतात, हेही खरं मानू नका. स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२० साली आला, त्यात मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं आढळलं. गरिबाच्या हाती पैसा टिकत नाही हे बोलणं मी फार ऐकलंय, ऐकलं की राग येतो.

आता महागाई. वरची २२ वर्षं तेव्हाच खरी, जेव्हा पैसा महागाईइतकाच वाढत राहील. पैसा नुसता पडून राहिला आणि महागाई ६ टक्के असली तर २२ वर्षांची रक्कम साडेचौदा वर्षांच्या आतच संपते. महागाईपेक्षा २ टक्के जास्त परतावा मिळाला, तर तीच रक्कम २८ वर्षांपर्यंत जाते. पटकन अंदाज हवा असेल तर ७२ ला महागाईच्या दराने भागा: ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी.

पैसे कधी संपूच नयेत असं हवं असेल तर किती लागतील? विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली जुन्या बाजारांचे आकडे लावून पाहिले. शेअर आणि रोखे मिळून ठेवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत नेले, तर रक्कम किमान ३० वर्षं टिकते असं त्यांना दिसलं. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. आपल्या उदाहरणात ११२ च्या २५ पट, २८००. हा अमेरिकेच्या इतिहासावरचा हिशोब आहे, हमी नाही, आणि पंचविशीतल्या माणसाला ३० वर्षं पुरणारही नाहीत. पण २५ पट हा टप्पा लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्या खाली असाल तर काम पूर्ण सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

घर घ्यावं का? यासाठी घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. आपल्या ११२ मध्ये भाडं ३६ आहे असं धरा. घर १५ वर्षांच्या भाड्याएवढ्या किमतीला, म्हणजे ५४० ला मिळालं, तर उरतात १९६० आणि वर्षाचा खर्च ७६. पुरतील जवळजवळ २६ वर्षं. तेच घर ३० वर्षांच्या भाड्याएवढं महाग असेल तर १०८० जातात, १४२० उरतात आणि साडेअठरा वर्षंच निघतात. वर घराची डागडुजी आणि कर यांची भर पडते, ती ७६ मध्ये मिळवा. तरीही पैसे संपल्यावर डोक्यावर छप्पर राहतं, आणि भाडं थकल्यामुळे सामान बाहेर काढलेलं ज्याने पाहिलंय त्याला या छपराची किंमत आकड्यात सांगावी लागत नाही. मी स्वतः महाग घरही घेईन, फक्त किती वर्षं गेली ते माहीत करून घेऊन.

नोकरी सोडण्याआधी पगारपत्रकाचा उजवीकडचा भाग वाचा. भविष्यनिर्वाह निधी असेल तर मालकाची भर, विमा, भरपगारी सुट्ट्या. यातलं काहीच हातात पडत नाही म्हणून लोकांच्या हिशोबात येत नाही, पण राजीनामा दिला की ते सगळं स्वतःच्या खिशातून उभं करावं लागतं. त्याची वर्षाची किंमत काढून खर्चात घाला, मगच भागाकार करा.

बहुतेक बक्षिसं लहान असतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. समजा दोन वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम लागली. काम सोडलं तर दोन वर्षांत, खरं तर त्याआधीच, परत गेटवर. पण काम न सोडता ती वापरून बघा. रात्रपाळीमुळे पगाराचा पाचवा भाग जास्त मिळतो असं धरू. रात्रपाळी सोडून दिवसाची घेतली तर दरवर्षी मजुरीच्या २० टक्के कमी पडतील. दोन वर्षांच्या मजुरीतून ही तूट दहा वर्षं भरता येते, महागाई धरून आठेक. दहा वर्षं रात्री झोप. किंवा ओव्हरटाइम बंद. किंवा शिकायला एक पूर्ण वर्ष बिनपगारी आणि बाकी शिल्लक. मी आमच्या बायकांना विचारते तेव्हा राजवाडा कोणी मागत नाही, पहिली मागणी रात्रपाळी सुटण्याचीच असते. स्वीडनच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१७ साली, असं दिसलं की जिंकलेल्या दर १०० क्रोनांमागे (क्रोना हे तिथलं चलन) माणसांची वर्षाची कमाई साधारण १ क्रोनानेच घटली. लोकांनी काम टाकलं नाही, थोडं कमी केलं.

नातेवाईक मागायला येतील. त्यातले काही तुमच्याइतकेच अडलेले असतील आणि द्यावंसं वाटेल. तोही आकडा वर्षांतच आधी ठरवा, २२ पैकी दोन वर्षं मदतीची, आणि ती वेगळ्या खात्यात टाका. खातं संपलं की संपलं असं सांगता येतं.

तिकिटाबद्दल एवढंच: ४९ मधून ६ आकडे जुळवायच्या लॉटरीत पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक असते. दर आठवड्याला एक तिकीट घेत राहिलात तर सरासरी २ लाख ६८ हजार वर्षांत एकदा. घरखर्चातून तिकिटांसाठी पैसे काढू नका. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही एकरकमी पैशाला लागू पडते, ग्रॅच्युइटी, अपघाताची भरपाई, वाटणीत आलेली रक्कम.

पैसे हातात आल्यावर दरवर्षी एकाच महिन्यात हा भागाकार पुन्हा करा: उरलेली रक्कम भागिले त्या वर्षाचा खरा खर्च. २२ चे २१ झाले तर ठीक चाललंय. २१ पेक्षा जास्त राहिले तर परतावा महागाईच्या पुढे आहे. १९ वर आले तर त्याच आठवड्यात मागच्या वर्षीची आणि या वर्षीची यादी शेजारी ठेवून वाढलेल्या ओळींवर खूण करा. औषध आणि शाळेची ओळ सोडून बाकीच्या खुणांवर घरात बसून बोला.