सोयाबीन भरण्याआधी सायलो पारखून घ्या

पत्र्याचा सायलो, म्हणजे धान्य साठवायची उंच गोल टाकी, फुटला की पहिला ठपका पत्र्यावर येतो: "हलका पत्रा मारला." बहुतेक वेळा दोष पायात, मालाच्या ओलाव्यात नाहीतर माल काढण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून मोडलेला सायलो लगेच भंगारात घालू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, तुटलेले बोल्ट रांगेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

पत्रा बाहेर फुगून उभा सांधा फाटला असेल तर आत पाणी गेलं होतं का, ते आधी शोधा. भिजलेलं धान्य फुगतं आणि पत्र्याला रेटतं. बोल्टची भोकं लांबट झाली आहेत का, बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा आहे का, हेही पाहा. दुरुस्तीत घातलेला 4.6 चा साधा बोल्ट दिसायला तसाच, ताकदीला निम्मा.

एकाच अंगाने पत्रा आत चेपला असेल तर माल बाजूच्या झडपेतून काढला असणार. धान्याचं बरंचसं वजन घर्षणामुळे पत्राच पेलतो. एका बाजूने उपसा झाला की दाब असमान होतो आणि गोलाई मोडते. आधी मधली झडप उघडायची. तिथून माल येणं थांबलं की मगच बाजूच्या. छप्पर आत ओढलं गेलं असेल तर हवेच्या जाळ्या भुश्याने चोंदल्या आहेत का बघा; माल उपसताना आत हवा शिरली नाही की असं होतं.

आपल्याकडे सगळ्यात फसवी ती काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया एका अंगाला कलतो. पोळा झाला की चारही बाजूंना ओळंबा सोडून मापं पत्र्यावर रंगाने लिहा, भरल्यावर पुन्हा घ्या. छपराचं पाणी पायाशी मुरत असेल तर चर काढून ते लांब न्या.

सोयाबीन 12 टक्के मॉइश्चरच्या वर असेल तर आत टाकू नका. 16 टक्क्यांचा 100 क्विंटल माल 12 वर आणला की साडेचार क्विंटल वजन घटतं. ओलाच माल भरायचा मोह होतो तो इथेच. परतीच्या पावसात भिजलेला माल आत गोळे धरतो, खालचा निघून जातो, वर कमान राहते. ती कोसळली की धक्का पत्र्याला बसतो.

कमान फोडायला माणूस आत उतरवू नका. ऑगर (माल उपसणारा फिरता स्क्रू) बंद करा, स्विचला कुलूप घाला आणि वरच्या झाकणातून लांब बांबूने ढोसा. धान्यात कमरेपर्यंत रुतलेला माणूस हाताने ओढून निघत नाही.