गेमचा स्कोर बघून पैसे मोजताय? मग या चुका टाळा

सेल लागला की विशलिस्ट उघडायची, मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणारी साइट) हिरव्या चौकोनात 85 च्या पुढचा आकडा दिसला की गेम घेऊन टाकायचा, ही आपल्यातल्या बहुतेकांची रीत. रीत वाईट नाही. चार-पाच हजार रुपये डोळे झाकून घालवण्यापेक्षा कितीतरी बरी. घोळ होतो तो आकड्याच्या मागचं काहीच न बघितल्यामुळे: खेळलं कोणी, कोणत्या मशीनवर आणि कधी.

दुसऱ्याच मशीनचा स्कोर वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

'सायबरपंक 2077' 10 डिसेंबर 2020 ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी मिळाली होती, आणि व्हिडिओ रिव्ह्यूत स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायलाही मनाई होती. पीसीवरचा मेटास्कोर, म्हणजे मेटाक्रिटिकवरची सरासरी, 86 झाला. तो बघून ज्यांनी पीएस 4 वर गेम घेतला त्यांच्या नशिबी क्रॅश, धूसर टेक्स्चर आणि रस्त्यात अचानक उगवणारी माणसं आली. पीएस 4 चे रिव्ह्यू नंतर आले, तिथला स्कोर साठच्याही खाली गेला आणि आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरमधून काढून टाकला. समीक्षकांनी दिलेला 86 खोटा नव्हता, पण तो पीसीचा होता.

उलटंही घडतं. 'बॅटमॅन: अर्कहम नाइट' कन्सोलवर छान चालला. पीसीवर मात्र त्याची अशी दैना झाली की जून 2015 मध्ये विक्रीच थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा सुरू झाली. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 1' चा मार्च 2023 मधला पीसी पोर्ट, म्हणजे पीसीसाठी केलेली आवृत्ती, याच माळेतला.

यावर उपाय सोपा, फक्त आळस नको. मेटाक्रिटिकवर प्रत्येक प्लॅटफॉर्मचा स्कोर वेगळा असतो. समोर दिसणारा आकडा तुमच्याच मशीनचा आहे का ते बघा. ओपनक्रिटिक ही अशीच दुसरी साइट सगळे प्लॅटफॉर्म एकत्र करून एकच आकडा देतं, म्हणून तिथे रिव्ह्यू उघडून तो कशावर खेळून लिहिलाय ते शोधावं लागतं. पीसीवाल्यांनी त्याही पुढे जाऊन ग्राफिक्स कार्ड बघावं. आरटीएक्स 4090 वर बसून लिहिलेलं 'परफॉर्मन्स उत्तम' तुमच्या लॅपटॉपमधल्या 3050 या साध्या कार्डला लागू होत नाही.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शेडर (चित्रं दाखवायला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत मेन्यूत बसून राहिलात तर तोही वेळ खेळण्यातच धरला जातो. वर सांगितलेल्या 'लास्ट ऑफ अस'च्या पोर्टमध्ये नेमकं हेच झालं: शेडर होता होताच कित्येकांचे दोन तास सरत आले.

सरासरीवर भरवसा ठेवणं

'डेथ स्ट्रँडिंग' (2019) चा पीएस 4 वरचा मेटास्कोर 82. वाचून वाटतं, सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेला गेम असावा. प्रत्यक्षात जपानच्या 'फामित्सू' या गेमच्या मासिकाने त्याला 40 पैकी 40 दिले. तिथे चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात, म्हणजे चौघांनीही पैकीच्या पैकी. आयजीएन या गेमच्या साइटच्या अमेरिकी आवृत्तीने दहापैकी दिले 6.8. पाठीवर सामान लादून तोल सांभाळत डोंगर पार करायचे, हा गेमचा गाभा. कोणाची त्यात समाधी लागते, कोणी अर्ध्या तासात कंट्रोलर फेकतो. 82 मध्ये ही दोन्ही माणसं आहेत, आणि तुम्ही त्यातले कोण हे तो आकडा सांगणार नाही.

अशा वेळी एक सगळ्यात चढा आणि एक सगळ्यात पडका रिव्ह्यू वाचा. मला स्वतःला पडकाच जास्त उपयोगी वाटतो. 'फार हळू आहे', 'वाचायलाच फार आहे' अशा तक्रारी वाचून कधीकधी गेम घ्यावासा वाटतो.

याच ओघात: 84 आणि 86 मध्ये फरक शोधत बसू नका. मेटाक्रिटिक कोणत्या प्रकाशनाला किती वजन देतं ते जाहीर करत नाही, आणि पाचपैकी तीन तारे म्हणजे थेट 60, मग लिहिणाऱ्याला 'चांगला आहे' असं म्हणायचं असलं तरी. एका गुणाने खरं नुकसान झालं ते बनवणाऱ्यांचं. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' साठी ऑब्सिडियनला 85 वर बोनस मिळणार होता, स्कोर 84 वर अडकला आणि बोनस गेला. माझ्या मते या आकड्याचा याहून वाईट वापर नसेल.

प्रेक्षकांच्या शून्याला एकतर डोक्यावर घेणं, नाहीतर उडवून लावणं

'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' 19 जून 2020 ला आला. गेम संपवायला वीसेक तास तरी लागतात. प्रेक्षकांच्या, म्हणजे साध्या खेळाडूंच्या, शून्याची रांग मात्र पहिल्याच दिवशी लागली. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यावर पहिले 36 तास प्रेक्षकांना गुण देणं बंद केलं. असे शून्य सोडून द्यावेत.

पण प्रत्येक रिव्ह्यू बॉम्बिंग, म्हणजे असा ठरवून केलेला वाईट गुणांचा मारा, पोरकट नसतं. मार्च 2022 मध्ये 'ग्रान टुरिस्मो 7' च्या अपडेटने शर्यतींची बक्षिसं घटवली, म्हणजे गाड्या घ्यायला एकतर तासन्‌तास घासा, नाहीतर खरे पैसे मोजा. समीक्षकांचा स्कोर 87 तसाच राहिला, प्रेक्षकांचा कोसळला, आणि बरोबर प्रेक्षक होते. मे 2024 मध्ये 'हेलडायव्हर्स 2' च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशन खात्याची सक्ती झाली, तेव्हाही स्टीमवरच्या निगेटिव्ह रिव्ह्यूंच्या लाटेनंतर सोनीने माघार घेतली.

ओळखायचं कसं? स्टीमवरचा तारखांचा आलेख उघडा. एखाद्या दिवशी लाल खांब अचानक उंच झाला असेल तर त्या दिवसाचे चार-पाच रिव्ह्यू वाचा. कारण तिथेच सापडतं. कधी ते तुमच्याशी संबंधित नसतंच. 'सिल्कसाँग' सप्टेंबर 2025 मध्ये आला तेव्हा चिनी भाषेतले रिव्ह्यू वाईट होते, कारण चिनी भाषांतर वाईट होतं.

आणि स्टीमवरचे 95 टक्के म्हणजे दहापैकी साडेनऊ नव्हेत. शंभरातल्या 95 जणांनी अंगठा वर केला, एवढंच. साधा, कोणालाही न खुपणारा गेमसुद्धा तिथवर सहज पोचतो.

शिळा स्कोर

समीक्षकाने नंतर गुण बदलले तरी मेटाक्रिटिक पहिलेच धरतं. 2013 च्या 'सिमसिटी' ला पॉलिगॉन या गेमच्या साइटने गेम बाजारात येण्याआधी 9.5 दिले होते. खरे खेळाडू आले, सर्व्हर बसले, आणि तेच गुण आधी 8, मग 4 झाले. ऑनलाइन गेमचा आगाऊ रिव्ह्यू रिकाम्या सर्व्हरवर लिहिलेला असतो, म्हणून अशा गेमला दोन आठवडे थांबाच. 'क्रॅश टीम रेसिंग' च्या नव्या आवृत्तीत तर रिव्ह्यू होऊन गेल्यावर, दोन महिन्यांच्या आत, पैसे घेऊन गेममधली नाणी विकायला सुरुवात झाली.

सुधारलेल्या गेमवरही यामुळे अन्याय होतो. 'नो मॅन्स स्काय' 2016 मध्ये शिव्या खात आला; अपडेट येत राहिली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये स्टीमवर त्याचं एकूण मत 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. मेटास्कोर आजही जुन्याच गेमचा आहे. वर्ष-दोन वर्षं जुना गेम घेताना स्टीमवरचे 'रिसेंट' रिव्ह्यूच बघावेत.

पिवळा दिसला की सोडून देणं

मेटाक्रिटिकवर गेमला हिरवा रंग 75 पासून मिळतो, सिनेमाला मात्र 61 पासूनच. म्हणजे 70 चा सिनेमा हिरवा आणि 70 चा गेम पिवळा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (2020) घ्या. समीक्षकांनी चित्रशैलीचं कौतुक केलं, लढाई, कॅमेरा आणि कमी लांबीवर बोट ठेवलं. तरी त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पाच-सहा तासांचा गेम आहे. लढाईसाठी घेतलात तर कंटाळाल, चित्रांसाठी घ्या. आपला म्हणून दहापैकी दहा द्यायची मात्र गरज नाही. पुढच्या खेळाडूला त्यातून काहीच कळत नाही.

प्री-ऑर्डरबद्दल एवढंच: रिव्ह्यू छापण्यावर कंपनीने घातलेली बंदी गेम विक्रीला येण्याच्या तासालाच उठणार असेल, तर खरेदी दुसऱ्या दिवसावर ढकला. डिजिटल कॉपी संपत नाही.