सिझर झालंय, भुलीचं इंजेक्शन घेतलंय, मग बाळाला अंगावर कधी पाजायचं?

सिझर झालं की वॉर्डात कोणी ना कोणी म्हणतंच, "भुलीचं दूध आहे गं, पहिलं पिळून टाक, तोवर वरचं दूध दे." सासूबाई, मावशी, शेजारच्या बेडवरची आजी, सगळ्या मनापासून सांगतात पण ते खरं नाही. त्या नादात पहिला चीक वाया जातो आणि तो परत काही मिळत नाही.

आधी मणक्यातल्या इंजेक्शनचं बघू, कारण बहुतेक सिझर त्याच्यावरच होतात. त्यात साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास ब्युपिव्हाकेन नावाचं बधिर करायचं औषध असतं, म्हणजे जेमतेम 2 मिली औषध, आणि ते सरळ मणक्यातल्या पाण्यात जातं. तिथून रक्तात जे थोडंफार येतं ते रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतं म्हणून दुधात फार कमी उतरतं, आणि उतरलेलं बाळाने गिळलं तरी पोटातून त्याच्या अंगात अगदी थोडंच जातं. वर पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पितं किती, तर चमचा दोन चमचे चीक. एवढ्याशा चिकातून कितीसं औषध जाणार!

म्हणून ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात ना, तेव्हाच सांगून ठेवा की मला बाळाला लवकरात लवकर पाजायचंय. आधीची ॲलर्जी, हार्टचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हे पण तेव्हाच सांगा. आणि विचारा की नंतर दुखण्यासाठी काय देणार, पोटाच्या भिंतीत ब्लॉक (तिथल्या नसा बधिर करायचं इंजेक्शन) किंवा टाक्यांच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देता का. बाळाला त्रास होईल म्हणून बऱ्याच जणी हे नको म्हणतात, पण मला विचाराल तर मिळत असेल तर घ्याच. पोट बधिर राहिलं की अफूच्या जातीची, झोप आणणारी औषधं कमी लागतात, आणि दुधातून बाळाला गुंगी आणू शकतात ती हीच औषधं. ब्लॉकमध्ये औषध मणक्यापेक्षा बरंच जास्त असतं, तरी दुधात येतं ते थोडंच. फक्त वजनाप्रमाणे डोस ठरतो म्हणून वजन खरं सांगा, लाजू नका. इंजेक्शननंतर कानात गुणगुण, तोंडात लोखंडासारखी चव, ओठ बधिर, डोकं गरगरणं असं काही वाटलं तर लगेच ओरडून सांगा, औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते.

आता पाजायचं कधी? तुम्ही नीट जाग्या आहात, बोलताय, बाळ रडलंय, श्वास ठीक आहे, मग थांबायचं कारण नाही, पहिल्या तासातच घ्या. पूर्ण भूल दिली असेल तरी नीट शुद्धीवर आलात, बाळ धरता येतंय, की पाजता येतं, घड्याळ लावून बसायचं नाही. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा काचेच्या पेटीत असेल तर मात्र बाळाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाय दोन ते चार तास सुन्न राहतात, त्या वेळात बाळाला घेऊन एकट्या राहू नका आणि उठायचं तर नावच नको. नर्सला किंवा आईला सांगा बाळ छातीशी लावून द्यायला. टाक्यांवर वजन नको म्हणून बाळाला काखेखाली घ्या, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, खाली उशी. नाहीतर कुशीवर वळून पाजा, पण अंगावर झोप येत असेल तर शेजारी कोणीतरी जागं हवंच.

खरं लक्ष द्यायचंय ते दुखण्याच्या गोळ्यांकडे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक पाजताना चालतात (ॲसिडिटी, किडनी किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी बोला). पण ट्रामाडॉल आणि कोडीनबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) 2017 साली सांगितलं की पाजणाऱ्या आईने घेऊ नये, काही बायकांच्या अंगात त्याचं जोरदार औषध पटकन तयार होतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. आपल्याकडे सिझरनंतर ट्रामाडॉल सर्रास लिहिलं जातं, पॅरासिटामॉलमध्ये मिसळलेलं पण येतं, तर पाकिटावरचं नाव वाचा आणि दुसरं काही देता का विचारा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, तेही बघा. बाळ पाजायला उठतच नाही, अंग ढिलं पडलंय, श्वास संथ वाटतोय, तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा, घरी असाल तर 108 लावा.

अजून एक, स्तनाग्रं चिरली म्हणून तिथे बधिर करायचं मलम लावू नका. इंजेक्शन वेगळं आणि हे वेगळं, हे सरळ बाळाच्या तोंडात जातं, आणि प्रिलोकेन, बेंझोकेनवाल्या मलमांनी लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद कमी होऊ शकते. आधी बाळाची पकड सुधारा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

पुढे कधी टाका उसवला आणि जागा बधिर करून परत घातला, किंवा दाढ काढायची वेळ आली, तर त्यासाठीच्या लिग्नोकेन या बधिर करायच्या इंजेक्शनलाही मणक्यातल्या इंजेक्शनचाच नियम, पाजायला चालतं. त्यात ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असलं तरी चालतं. दातवाल्यांना सांगा की मी अंगावर पाजते, निघायच्या आधी बाळाला पाजून जा म्हणजे तिकडे छाती दगडासारखी होणार नाही, आणि घरी आलात की लगेच घ्या, दूध पिळून टाकायची गरज नाही. गाल सुन्न असेपर्यंत जेवण तेवढं थांबवा, नाहीतर स्वतःचाच गाल चावाल.