अर्ज करण्याआधी नकाशा उघडा: प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत पीएचडी शोधणाऱ्यांसाठी

पीएचडीसाठी मला येणाऱ्या ईमेलमध्ये एक वाक्य हमखास असतं: "मला प्रोटीनची रचना शोधण्यात रस आहे." रस असावाच. प्रोटीनचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकायचे आणि रचना काढायची, हीच क्रिस्टलोग्राफी. पण नुसत्या रचनेवर प्रबंध उभा राहण्याचे दिवस आता सरत आले आहेत. २०२० मध्ये अल्फाफोल्ड २ हा एआय प्रोग्रॅम आला आणि कितीतरी प्रोटीनांची घडी अमिनो आम्लांच्या क्रमावरून सांगता येऊ लागली. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. तरीही एन्झाइम (अभिक्रियेला वेग देणारं प्रोटीन) अभिक्रिया कशी घडवतं, कोणता प्रोटॉन कुठून कुठे जातो, कुठला बंध आधी तुटतो, हे त्या मॉडेलमधून कळत नाही. म्हणून जागा शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते: या प्रकल्पात अभिक्रियेबद्दल नेमकं काय ठरायचं राहिलंय?

लायसोझाइमचंच बघा: जिवाणूंच्या भिंतीतली साखरेची साखळी तोडणारं हे एन्झाइम. एन्झाइमांपैकी सर्वात आधी, १९६५ मध्ये, त्याची रचना डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने सोडवली. त्या रचनेवरून फिलिप्स यांनी मांडलं की साखरेची साखळी तुटताना मध्ये धनभारित आयन तयार होतो. डॅनियल कोशलँड यांनी १९५३ मध्येच वेगळा मार्ग सुचवला होता: साखर काही काळ एन्झाइमला सहसंयुज बंधाने चिकटते. पाठ्यपुस्तकांत मात्र वर्षानुवर्षं आयनच राहिला. २००१ मध्ये फ्लोरिन घातलेली साखर आणि सक्रिय जागेतलं (जिथे अभिक्रिया घडते तिथलं) एक ग्लुटामिक आम्ल बदललेलं लायसोझाइम वापरून तो चिकटलेला टप्पा पकडला गेला आणि स्फटिकात दिसला. म्हणजे रचना हाती असूनही उत्तर पक्कं व्हायला पस्तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि ते झालं रसायन आणि स्फटिक एकत्र आल्यावर. असं काम जिथे चालतं, ती लॅब शोधा.

शोधायची कशी? गटाचे गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढा. रचनेसोबत त्याच पेपरात गतिकी (अभिक्रियेच्या वेगाची मोजमापं) आहे का, केकॅट (एन्झाइमचा एक रेणू जास्तीत जास्त किती वेगाने काम करतो) आणि केएमचे (निम्मा वेग गाठायला मूळ रेणूचं किती प्रमाण लागतं) आकडे आहेत का, म्युटंट (एखादं अमिनो आम्ल बदललेलं प्रोटीन) तपासलेत का, ते बघा. तीन पेपरांत फक्त रचना आणि चौथ्यातही तेच असेल, तर पुढे सरका.

मग त्यांची एक रचना प्रोटीन डेटा बँकेतून उतरवून घ्या. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालेली ही बँक आज दोन लाखांच्या पुढे गेली आहे आणि सगळ्यांना मोफत आहे. शक्यतो सक्रिय जागेत सब्सट्रेट (ज्या रेणूवर एन्झाइम काम करतं तो) किंवा इनहिबिटर (ते काम अडवणारा रेणू) बसलेली रचना निवडा. कूट हा प्रोग्रॅम मोफत आहे. त्यात मॉडेल आणि इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा दोन्ही उघडा. निळी जाळी, म्हणजे तो नकाशा, एक सिग्मावर (घनतेची पातळी मोजायचं एकक) ठेवा आणि लिगँडकडे, म्हणजे जागेत बसलेल्या त्या रेणूकडे, जा. जाळी सगळ्या अणूंना वेढते का, की एक टोक उघड्यावर पडलंय? फरकाच्या नकाशात (मोजलेला डेटा आणि मॉडेल यांतला फरक दाखवणाऱ्या), तीन सिग्मावर, हिरवा ठिपका दिसला तर तिथे मॉडेलमध्ये काहीतरी कमी आहे. लाल दिसला तर डेटाचा आधार नसलेलं काहीतरी ठेवलंय. लिगँडचा बी-फॅक्टर (अणूची जागा किती अस्पष्ट आहे याचा आकडा) शेजारच्या साइडचेनपेक्षा (अमिनो आम्लाच्या बाजूच्या गटापेक्षा) फारच मोठा असेल, तर तो रेणू प्रत्येक एन्झाइममध्ये बसलेला नसेल, किंवा जागेवर हलत असेल. एक संध्याकाळ यात गेली तरी चालेल. पेपरातल्या चित्रात यातलं बरंच काही दिसत नाही.

आता ईमेल. "आपल्या संशोधनाने प्रभावित झाले" असं लिहू नका. असं लिहा: "आपल्या रचनेत सक्रिय जागेतल्या हिस्टिडीनजवळ एक पाणी आहे. तेच न्यूक्लिओफाइल असावं असं पेपरात म्हटलंय. हिस्टिडीन बदलल्यावर वेग किती घटतो, हे तपासलं आहे का?" (न्यूक्लिओफाइल म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन नवा बंध जोडणारा रेणू.) अशा चार ओळींच्या ईमेलला मी त्याच दिवशी उत्तर देते. गुणपत्रिका जोडा, पण ती नंतर वाचली जाते.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. प्रोटीन लॅबमध्ये आधीच बनतं का, की पहिलं वर्ष एक्स्प्रेशन (पेशींकडून प्रोटीन बनवून घेणं) आणि शुद्धीकरणातच जाणार? सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) बीमटाइम, म्हणजे ते किरण वापरायची वेळ, नियमित मिळतो का? स्फटिक आलेच नाहीत तर प्रबंध कशावर उभा राहील? या शेवटच्या प्रश्नाचं ठोस उत्तर नसेल, तर जागा कितीही नामांकित असो, मी ती घेऊ नका म्हणेन. स्फटिक कधी येतील हे कोणीच सांगू शकत नाही; गतिकी मात्र द्रावणातही करता येते, आणि तिच्यावर एक प्रकरण तरी नक्की होतं. गटातल्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या गैरहजेरीत बोला, हेही सांगायलाच हवं.

पैशांचं आधीच स्पष्ट करून घ्या: शिष्यवृत्ती किती वर्षांची, फी कोण भरणार. युरोपातल्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपीय संघाच्या पैशांवरच्या पीएचडी प्रकल्पांच्या) जागा युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर निघतात. तिथे नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. या एका अटीवर चांगले अर्ज बाद होतात, म्हणून ती सर्वात आधी तपासा.

उत्तराची वाट बघताना हात रिकामे ठेवू नका. कुठल्याही लॅबमध्ये थोडी जागा मिळाली, तर अंड्यातल्या पांढऱ्यातलं लायसोझाइम, सोडियम ॲसिटेट आणि मीठ घेऊन लटकत्या थेंबाची पद्धत (काचेखाली लटकलेल्या थेंबातलं पाणी हळूहळू कमी होऊन स्फटिक येतात) करून बघा. स्फटिक बहुधा एका रात्रीत येतात. मिठाचं प्रमाण बदललं की त्यांची संख्या आणि आकार कसा बदलतो, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून वहीत नोंदवा. मुलाखतीला ती वही सोबत न्या.