पाजताना स्तनाग्रं दुखतात? आधी बाळाची पकड बघा

बाळ अंगावर पिताना कळ येते, कारण बहुतेक वेळा त्याने नुसतं बोंडच तोंडात धरलेलं असतं.

1. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकवा, नाक स्तनाग्रासमोर आणा.
2. त्याने मोठा 'आ' केला की लगेच जवळ घ्या. आधी हनुवटी टेकावी. बोंडाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा.
3. तरी दुखलं तर ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवा, पकड सुटेल. पुन्हा लावा. मध्यरात्री याचा फार कंटाळा येतो, तरीही करा.

पाजून झाल्यावर तुमच्याच दुधाचे थेंब बोंडांना लावून वाळू द्या. साबण नको.

ताप आला किंवा स्तनावर लाल, गरम चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.