आधी शेत बघा, मग फळा लिहा

बदलापुरात माझी खाणावळ आहे. दुपारी साठेक ताटं जातात, भाजी मुरबाडकडच्या चार शेतकरी घरांतून थेट येते. असं काही सुरू करायचं मनात असेल तर पहिलं सांगणं हेच, की महिन्याचा मेनू छापू नका.

मी छापला होता. एका मंगळवारी भरलं वांगं ठरलेलं, आणि नेमकी त्या आठवड्यात वांगी देणाऱ्या शेतकरी ताईंच्या वांग्यात अळी निघाली. मी कल्याणच्या बाजारातून वांगी आणली, पण फळ्यावरचं ‘थेट शेतातून’ पुसलं नाही. गिऱ्हाइकांनी बोटं चाटत खाल्लं. मला मात्र ते अजून सलतं. आता सकाळी भाजीच्या टोपल्या उतरल्या की मगच खडू हातात घेते. भाजीपुढे गावाचं नाव, आणि बाजारातली असेल तर ‘बाजारची’.

शेतकरी निवडताना फोनवर ठरवू नका, बांधावर जा. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, कसं करता, विचारा. रोजचा हात असलेली बाई न अडखळता सांगते: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, आणि बांधावरची मूठभर माती. पिंपाचं झाकण उघडायला सांगा. आंबूस वास आला पाहिजे, सडका नको.

कागदाचंही बघा. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांसाठी दिलेली सेंद्रिय शेतीची हमी. त्या प्रमाणपत्राला किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांची शेतं तेच तपासतात. कागद नसेल तर फळ्यावर ‘सेंद्रिय’ लिहू नका. ‘सेंद्रिय’ म्हणून विकायला २०१७ पासून अन्नसुरक्षेचे नियम आहेत. मी ‘रासायनिक फवारणी नाही’ एवढंच लिहिते, तेही स्वतः बघितलं असेल तरच.

भाव हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा, पैसे त्याच दिवशी हातात द्या. वाकडी काकडी, बारकी भेंडी परत पाठवू नका, ताटात चिरूनच जाते. आणि भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या वालासाठी आधीच शब्द टाकून ठेवा. बिरड्याच्या, म्हणजे मोड आलेल्या सोललेल्या वालाच्या उसळीच्या दिवशी माझ्याकडे ताटं कमी पडतात.

जूनमध्ये पहिल्या पावसाला बायका शेवळं ही रानभाजी आणतात. ती घ्याच, पण घाईने रांधू नका. वरचं आवरण सोला, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाका, तो जास्त खाजतो. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता. खाज मारायला काकडं, म्हणजे आंबट रानफळं, ठेचून, वाटून त्यांचं पाणी गाळून घाला. शेवळांच्या जुडीबरोबर ती मागून घ्यायची, बायका देतात. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ, तोही सढळ. पहिल्यांदा चार जुड्याच करा, घरच्यांनी खाऊन बघा. घशाला खवखवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा.